परभणीतील रिवाइंडिंगचे दुकान: जुन्या डिशच्या मोटारीची दुरुस्ती

परभणीत जिंतूर रस्त्याला शेतीपंपांच्या मोटारी भरून देणारे, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून देणारे जे दुकान आहे, तेथे मी आमच्या परसातील उपग्रह वाहिन्यांच्या आठ फुटी जाळीच्या डिशची मोटार दुरुस्त करून घेतली. अशा डिशची मोटार दुरुस्त करणारे आता फारसे कोणी उरलेले नाही आणि ज्यांच्याकडे ही सी-बँडची (उपग्रहाच्या तुलनेने कमी वारंवारतेच्या लहरी पकडणारी) डिश अजून उभी आहे त्यांना "नवीन आर्मच घ्या" एवढेच उत्तर मिळते, म्हणून हा अनुभव सविस्तर नोंदवीत आहे.

डिश फिरवणाऱ्या दांड्याला आर्म किंवा ॲक्च्युएटर म्हणतात. त्यात ३६ व्होल्ट डीसीवर चालणारी, कायम चुंबकाची एक छोटी मोटार असते. ती गिअरमधून लांब स्क्रू फिरवते आणि आतली नळी बाहेर सरकून डिशला ढकलते. आमचा आर्म आधी अडखळू लागला, नंतर फक्त गुणगुणला आणि शेवटी पूर्ण बंद पडला. केबल आणि पोझिशनर (घरातून आर्म चालवणारी पेटी) तपासून पाहिल्यावर दोष आर्ममध्येच असल्याचे स्पष्ट झाले.

या दुकानाविषयी माझा आदर वाढवणारी मुख्य गोष्ट ही की, मोटारी भरणे हाच ज्यांचा धंदा आहे त्या मिस्त्रींनी ही मोटार भरण्याची गरज नाही असे स्वतःहून सांगितले. आर्मेचर (मोटारीचा तार गुंडाळलेला फिरता भाग) बाहेर काढून त्यांनी कॉम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्याच्या, शेजारशेजारच्या पट्ट्यांमधील रोध मीटरने ओळीने मोजला आणि सर्व आकडे सारखे येत असल्याने वाइंडिंग (तारेची गुंडाळी) शाबूत आहे, हे मला मीटरवर दाखवले. दोष होता तो ओलाव्याचा: कॉम्युटेटर काळा पडला होता, एक कार्बन ब्रश गंजलेल्या स्प्रिंगमुळे खोबणीत अडकून बसला होता आणि गिअरपेटीतील ग्रीस पाण्यात मिसळून दुधासारखे पांढरे झाले होते. त्यांनी कॉम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ केला; एमरी पेपरचे (धातू घासायच्या खरखरीत कागदाचे) कण वीजवाहक असू शकतात आणि पट्ट्यांच्या फटीत रुतून बसतात, म्हणून तो पेपर वापरायचा नाही, हेही काम करता करता सांगितले. फटींमधली कार्बनची भुकटी कोरून काढली, ड्रिल मशीनचे ब्रश कानशीने घासून मापात आणले, जुने ग्रीस पूर्ण धुऊन नवे भरले. त्यानंतर बारा व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ३६ व्होल्टवर आर्म दोन्ही दिशांना पूर्ण लांबीपर्यंत चालवून दाखवला. अशी चाचणी माझ्यासमोर झाली, याचे मला मोल वाटते.

लिमिट स्विचवरील डायोडही त्यांनी तपासले. आर्म टोकाला पोहोचला की लिमिट स्विच प्रवाह तोडतो आणि त्याला समांतर असलेला डायोड फक्त उलट दिशेचा प्रवाह जाऊ देतो. तो डायोड तुटला तर मोटार चांगली असूनही आर्म टोकालाच अडकून राहतो. चांगले आर्म भंगारात जाण्याचे हे एक कारण असावे, असे मला वाटते.

झाकणाच्या आतील गंजाची रेघ दाखवून मिस्त्री म्हणाले, "पाणी इथपर्यंत साचत होतं, कुठून येतं ते घरी जाऊन बघा." घरी पाहिले तेव्हा पाणी निघून जाण्याचे छिद्र खाली असण्याऐवजी वर आल्याचे दिसले. डिश उभारणाऱ्याने आर्म क्लॅम्पमध्ये उलटा फिरवून कसला होता. तो आता नीट फिरवून घेतला आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. गिअरचा एक दात झिजलेला आहे, पण तसा गिअर त्यांच्याकडे मिळत नाही. फेऱ्या मोजणाऱ्या रीड स्विचची काचेची नळी तडकलेली होती. ती मला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणून द्यावी लागली, जोडणी मात्र त्यांनी व्यवस्थित केली. पावतीवर केवळ "मोटार दुरुस्ती" असे लिहिले होते, बदललेल्या भागांची नोंद नव्हती. पंपांच्या कामाला तेथे पहिला मान आहे आणि पिकाला पाणी द्यायचे असताना तो असलाच पाहिजे, परंतु आपले काम केव्हा होईल याचा अंदाज आधी दिला तर बाहेरगावाहून येणाऱ्याचा हेलपाटा वाचेल. खर्च नव्या आर्मच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी आला.

आता डिश ६८.५ अंश पूर्व रेखांशावरील इंटेलसॅट २० या उपग्रहापासून ९३.५ अंशांवरील जीसॅट १७ पर्यंत न अडता फिरते. परभणीचे रेखांश सुमारे ७६.८ असल्याने ७६.५ अंशांवरील ॲपस्टार ७ आपल्याला जवळजवळ थेट दक्षिणेला, सुमारे ६७ अंश उंचीवर मिळतो. आर्म परत बसवल्यावर मी तेथूनच जुळवणीला सुरुवात केली. आठ फुटी डिशचा सी-बँडवरील झोत (ती सिग्नल पकडते तो कोन) जेमतेम दोन अंशांचा असतो, त्यामुळे आर्ममध्ये थोडी ढिलाई राहिली तरी सिग्नल पडतो. मुसळधार पावसात छोट्या केयू-बँड (जास्त वारंवारतेच्या) डिशचे चित्र जाते तेव्हाही ही डिश चालू राहते, आणि ती टिकवण्याचे माझ्यापुरते हेच मोठे कारण आहे.

आर्म दुकानात नेणार असाल तर काढण्यापूर्वी क्लॅम्पची जागा रंगाने खुणावून ठेवा, नळी किती बाहेर आहे ते मोजा आणि चारही वायरींच्या जोडणीचा फोटो घ्या. मोटारीच्या दोन जाड आणि सेन्सरच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल झाली तर ३६ व्होल्ट थेट रीड स्विचवर जातात.