रात्री भुसावळला उतरल्यावर: ॲपची गाडी की स्टँडवरची?

रात्री दोनला भुसावळ जंक्शनला उतरून जळगाव गाठायचं. बहीण एकटी असेल तर मी ॲपची गाडी सुचवते. गाडीचा नंबर आणि चालकाचा फोटो आधीच दिसतो, ओटीपी दिल्याशिवाय प्रवास सुरू होत नाही, आणि गाडी कुठे पोहोचली हे घरी बसून पाहता येतं. पण या सोयी सहज आल्या नाहीत. डिसेंबर 2014 मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर बलात्कार झाला, त्यानंतर चालकांच्या पडताळणीचा प्रश्न देशभर ऐरणीवर आला. फोटो दिसतो म्हणजे माणूस तपासलेला आहेच, असं धरून चालू नका. गाडीचा नंबर जुळला नाही तर बसूच नका.

स्टँडवरच्या काळी-पिवळीची, म्हणजे सीट भरून सुटणाऱ्या शेअर टॅक्सीची, सुरक्षितता वेगळी. चोपडा, पारोळ्याकडे तोच चालक रोज तीच फेरी मारतो. स्टँडवरचे सगळे त्याला ओळखतात, गाडीत गावातलंच कुणीतरी असतं. दिवसा ही ओळख मोठा आधार आहे. मात्र सीटा कोंबून भरणं, मागच्या दाराला लटकणं हे जिवाशी खेळणं आहे, आणि इथे ॲप नक्कीच सरस. रात्री एकटीच सवारी असेल तर स्टँडची ओळख गाडी हलताच मागे राहते.

सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज गेली की ॲपवरचा नकाशाही थांबतो. म्हणून गाडी कुठलीही असो, निघतानाच नंबर घरी कळवा. अडचणीत 112.