दुकानाच्या पाटीतले एलईडी मॉड्यूल, फिशटँकच्या झाकणाखाली

दुकानांच्या पाट्यांमध्ये, अ‍ॅक्रिलिकच्या अक्षरांमागे तीन-तीन एलईडींचे छोटे मॉड्यूल बसवतात ना, तेच माझ्या दोन फुटी टाकीवर लावलेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सुटे मिळतात, अख्खी माळ घेतली तर आणखी स्वस्त पडतात. झाडांच्या टाकीसाठीचा तयार लाइट काही हजारांत जातो; माझं सगळं सामान हजाराच्या आत आलं. आणि वस्तू नुसती स्वस्त नाही, खरंच कामाची आहे.

एलईडी पट्टीपेक्षा मला हे सरस वाटतात. टाकीवरची हवा कायम दमट. पट्टी कापली की टोक उघडं पडतं, तिथून ओल शिरते आणि तांबं हिरवं पडायला लागतं. मॉड्यूल चहूबाजूंनी बंद असतं. शिवाय माळेतलं प्रत्येक मॉड्यूल १२ व्होल्टवर समांतर जोडलेलं असतं, त्यामुळे एखादं गेलं तरी बाकीचे चालू राहतात आणि तेवढंच कापून नवं जोडता येतं. मागच्या चिकट टेपवर मात्र अजिबात विसंबू नका, गरम होऊन तो सुटतो. कडेला भोकं असतात, तिथे स्क्रू मारा. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचे उरलेले तुकडे मिळतात. त्यावर मॉड्यूल बसवले की आधारही होतो आणि उष्णताही निघून जाते.

रंगाकडे नीट लक्ष द्यायला हवं. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. कूल व्हाइटमध्ये (निळसर पांढऱ्यात) लाल उजेड कमीच असतो, आणि झाडांना निळा-लाल दोन्ही उपयोगी. म्हणून मी दोन कूल व्हाइटमागे एक वॉर्म व्हाइट (पिवळसर पांढरं) लावलं. फरक सगळ्यात आधी माशांवर दिसतो: माझ्या रोझी बार्बचा तांबूस रंग असा खुलतो की बघत बसावं. दुकानात दोन्ही रंग शेजारी-शेजारी पेटवून दाखवायला सांगा, दाखवतात.

टाकी दोन बाय एक बाय एक फूट, म्हणजे साधारण ५६ लिटर. तिला २४ मॉड्यूल लावले. पाकिटावर प्रत्येकी दीड वॅट लिहिलंय, म्हणजे ३६ वॅट, १२ व्होल्टला ३ अँपिअर. मीटर लावला तर माळ सव्वादोन अँपिअरच घेते. लिहिलेल्या वॅटवर हिशोब करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. एसएमपीएस (घरच्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय) तरीही ५ अँपिअरचाच घ्या, तो पूर्ण ताकदीने राबता कामा नये. माळ लांब असेल तर शेवटचे मॉड्यूल मंद पेटतात. दोन्ही टोकांना वायर दिली की उजेड सारखा होतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. पत्र्याच्या एसएमपीएसचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. तो झाकणावर ठेवू नका, टाकीच्या वर तर नाहीच. बाजूला भिंतीवर, डब्यात, अर्थिंग जोडून लावा. टाकीकडून येणारी वायर आधी प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता खालीच टपकेल. घरात आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, दिवे नंतर.

टायमरवर रोज सात तास. अनुबियास, जावा फर्न आणि आपल्या सह्याद्रीतली क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस छान वाढतायत, नवी पानं सतत येतात. काचेवर शेवाळ वाढायला लागलं तेव्हा १२ व्होल्टचा साधा डिमर लावून उजेड थोडा उतरवला, तेवढ्याने ते आटोक्यात आलं. तळाशी गवताचा गालिचा हवा असेल किंवा टाकी दीड फुटापेक्षा उंच असेल, तर मात्र हे मॉड्यूल घेऊ नका. तिथे तयार लाइटचे पैसे मोजलेले बरे.