६०० लिटरचा रीफ टँक, ठाण्यातला फ्लॅट आणि डिह्युमिडिफायर: पावसाळा ते हिवाळा वापरानंतरचा अनुभव

मांडणी अशी: हॉलमध्ये संपसकट (संप म्हणजे टँकखालची फिल्टरची टाकी) ६०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा टँक, दिवसाला ५० लिटर क्षमतेचा कंप्रेसरवाला डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं मशीन) आणि खिडकीत सहा इंची एक्झॉस्ट. टँकमधून रोज ६ ते ८ लिटर पाणी उडतं. ते हवेत जातं आणि तिथून पीओपीत, कपाटाच्या मागे, बेडरूमच्या भिंतीवर.

आधी एक्झॉस्टबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याचाच. जुलैत बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते, म्हणजे घनमीटरला साधारण २६ ग्रॅम बाष्प. घरात २७ अंश आणि ६० टक्के ठेवले तर १५-१६ ग्रॅम. पंख्याने तासाला १०० घनमीटर हवा बाहेर फेकली की तेवढीच बाहेरची आत येते आणि सोबत तासाला लिटरभर पाणी आणते. टँक दिवसभरात जेवढं देतो तेवढं सात-आठ तासांत! त्यामुळे जून ते सप्टेंबर एक्झॉस्ट बंद, खिडक्या बंद. जानेवारीत गणित उलटतं. बाहेर ११-१२ ग्रॅमच असतात, मग तोच पंखा दिवसाला पंधरा ते वीस तास चालवला की भागतं आणि डिह्युमिडिफायर जवळपास लागतच नाही. टक्केवारी बघून पंखा लावू नका, ग्रॅम बघा. थंडीतल्या पहाटे बाहेर ७५ टक्के दिसले तरी ती हवा कोरडीच असते.

डिह्युमिडिफायरचं ५० लिटर हे ३० अंश, ८० टक्क्यांवरचं माप आहे. घरात ठेवायच्या ६० टक्क्यांवर त्याच्या निम्म्याच्या आसपास पाणी निघतं, म्हणून २० लिटरचं छोटं मशीन या टँकला जेमतेमच पुरेल. सेटिंग ६० ठेवा. ५० वर नेलं की हवा कोरडी होते, टँक आणखी जोरात उडतो आणि मशीन स्वतःच वाढवलेलं पाणी उपसत बसतं. वीजही जाते, टँकमध्ये भरायचं आरओडीआयचं (गाळून क्षारमुक्त केलेलं) पाणीही.

खरी तक्रार उष्णतेची. वाफेचं एक लिटर पाणी करताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता खोलीत सुटते, वर मशीनची स्वतःची वीज. बंद हॉल दोन-तीन अंशांनी सहज तापतो. चिलरही (टँकचं पाणी गार करणारं यंत्र) हॉलमध्येच असेल तर दोघं मिळून एसीला पळवतात. चिलर ड्राय बाल्कनीत न्या. नुसत्या इन्व्हर्टर एसीवर विसंबू नका: पावसाळी रात्री खोली लवकर गार होते, कंप्रेसर मंदावतो आणि ओल तशीच राहते.

बंद घराचा दुसरा फटका टँकच्या पाण्याच्या पीएचला. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचला की ८.२ वरून ७.८-७.९ वर येतो. खिडकी उघडायची गरज नाही. स्किमरची (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं उपकरण) हवेची नळी बाहेर काढली की बराच फरक पडतो. नळी किंचित बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा, तोंड खाली वळवा, नाहीतर पावसाचं पाणी स्किमरमध्ये.

मशीनच्या टाकीत जमलेलं पाणी दिसायला स्वच्छ असतं. ते टॉप-अपला, म्हणजे टँकमधून उडालेलं पाणी भरून काढायला, वापरायचा मोह आवरा. ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून येतं, आणि तांबं कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळ्यांनाच मारक. पाणी गटारात सोडा. निचऱ्याच्या नळीला सलग उतार द्या. आत बुळबुळीत थर धरून ती तुंबते, म्हणून महिन्यातून एकदा फुंकून बघा.

टँकखालच्या कॅबिनेटमधले १२ व्होल्टचे पंखे हवा बाहेर ओढणारे लावले तर संपवरची खारी हवा थेट बेअरिंगवर जाते आणि ते लवकर मरतात. उलटे लावा: खोलीतली हवा आत ढकला, बाहेर पडायची जाळी समोरच्या वरच्या कोपऱ्यात ठेवा. संपवर पॉलिकार्बोनेटचा पत्रा घातला तर बिजागऱ्यांवरचं मीठही कमी होतं. टँक मात्र काचेने झाकू नका, मासे उड्या मारत असतील तर जाळी लावा.

हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) विकत घेतल्यावर तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलाइतपत ओलं करा, मीटरसोबत झिपच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवा. ७५ दाखवायला हवं. ६९ दाखवलं तर तो मीटर सहा टक्के कमी वाचतोय, सेटिंग तेवढं खाली घ्या.