केस लावून दहा महिने झाले: २४५० ग्राफ्टचा हिशेब

जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, पुण्यात हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं. आता दिवाळी उलटली. दहा महिने थांबून लिहितोय, कारण तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या लिहिल्या असत्या.

वय ३७. कपाळाचे दोन्ही कोपरे गेलेले, मधला भाग विरळ, टाळूवर रुपयाएवढं टक्कल. आधी ज्या क्लिनिकमध्ये चौकशी केली तिथे पांढरा कोट घातलेल्या सेल्सवाल्याने डोक्याकडे न बघताच सांगितलं, ‘सर, ५००० ग्राफ्ट, एकाच सिटिंगमध्ये.’ (ग्राफ्ट म्हणजे डोक्याच्या मागून मुळासकट काढून पुढे लावायचा केसांचा बारीक पुंजका.) मोठा आकडा ऐकून मीही खूश झालो होतो. दुसरीकडे डॉक्टरांनी मार्करने डोक्यावर रेघा मारल्या, पारदर्शक प्लास्टिक ठेवून चौरस सेंटिमीटर मोजले आणि मागचे केस भिंगातून पाहिले. मग म्हणाले, २४५०. त्यावर मी भाजी घेताना घालतो तशी घासाघीस केली. फक्त इथे मला जास्त हवं होतं.

हिशेब असा होता. पुढची ३० चौरस सेंटिमीटर जागा, तिथे सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट, म्हणजे १२००. त्यामागची ५० चौरस सेंटिमीटर, तिथे २५ च्या हिशेबाने १२५०. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. एकेरी केसांचे ग्राफ्ट अगदी पुढच्या ओळीत लावतात, नाहीतर बाहुलीच्या डोक्यासारखं दिसतं. टाळूला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

‘पुढे ६० ने लावा ना,’ मी म्हटलं. त्यांचं उत्तर मला पटायला वेळ लागला. प्रत्येक ग्राफ्टसाठी कातडीत एक चीर पाडावी लागते आणि प्रत्येक चिरेत बारीक रक्तवाहिन्या तुटतात. ग्राफ्ट पहिले काही दिवस आजूबाजूच्या द्रवावरच जगतो, मग हळूहळू त्याला रक्त मिळायला लागतं. चिरा फार दाट पाडल्या तर वाटेकरी जास्त आणि रक्त कमी. केस तर मरतातच, वाईटात वाईट म्हणजे कातडीचा तुकडा काळा पडतो. सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका जास्त. त्यांनी मला आधी आणि नंतरही सिगारेट बंद करायला लावली. निसर्गाने दिलेली घनता साधारण ७० ते १०० असते, पण तिच्या निम्म्यावरही डोकं भरलेलं दिसतं, कारण निम्मे केस गेले तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. माझंही तसंच झालं असणार.

ऑपरेशन सकाळी ८ ते संध्याकाळी ५. भुलीची इंजेक्शनं सोडली तर दुखत नाही, कंटाळा येतो. एक तक्रार आहे: रेघ आखली, भूल दिली, चिरा पाडल्या ते डॉक्टरांनी. ग्राफ्ट बसवायला मात्र दोन मुली होत्या. त्यांचे हात सफाईदार होते, पण हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. विचारून घ्या. खर्च ग्राफ्टला ४० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, मिळून १,१५,६४०. मेडिक्लेममध्ये बसत नाही.

तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरली. आई म्हणाली, ‘अरे, कुणाशी मारामारी करून आलास?’ चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात उठताना कपाटाचं उघडं दार डोक्याला लागलं. रक्ताचे दोन-तीन थेंब आले आणि बोटावर खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी, त्याला केसाची शेपटी. सगळे पैसे त्या बोटावर दिसले मला! फोनवर डॉक्टर म्हणाले, गेला तो गेला, बाकीच्यांना हात लावू नका. त्या जागी आज मसुराएवढी फट आहे. माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही, पण मला रोज दिसते.

दहाव्या दिवसापर्यंत खपल्या. सलाइनचा फवारा, मग शांपूचा फेस नुसता टेकवायचा, चोळायचं नाही. खपली निघते तिच्यात केस अडकलेला असतो, ते पाहून पोटात गोळा येतो. पण तोवर मूळ आत रुजलेलं असतं, येतो तो वरचा केस.

आणि मग तिसऱ्या आठवड्यापासून लावलेले केस गळायला लागले. सांगितलेलं होतं, तरी उशीवर बघवत नाही. रंगपंचमीला डोकं ऑपरेशनआधीपेक्षा वाईट होतं. मागचा भाग दोन महिने बधिर, दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ असतो तसा. मेच्या सुरुवातीला पुढच्या ओळीत पुटकुळ्या आल्या, काहींच्या टोकाला काळा केस होता. एवढा आनंद पुटकुळ्यांचा आयुष्यात कधी झाला नव्हता. ते केस आधी वेडेवाकडे, तारेसारखे आले. आठव्या महिन्यानंतर मऊ पडले.

आजची स्थिती: पुढून पाहिलं तर समाधान. ओलं डोकं आणि ट्यूबलाइट एकत्र आले की मागच्या पट्ट्यात, जिथे २५ चा हिशेब होता, कातडी दिसते. डोक्याच्या मागे, जिथून ग्राफ्ट काढले तिथे, दोन नंबरची मशीन मारली तर पांढरे ठिपके दिसतात. सलूनवाला म्हणालाच, ‘दादा, मागे काय चावलंय?’ आता चार नंबर.

टाळूसाठी पुन्हा विचारलं. मागचा साठा मोजकाच आहे आणि आधीचे केस जाणं थांबलेलं नाही, त्यामुळे फिनास्टराइड हे केसगळतीचं औषध चालू ठेवायचं आणि वर्षभर थांबायचं. तोवर ऑफिसच्या लिफ्टमध्ये सीसीटीव्हीच्या बरोबर खाली जी जागा आहे, ती मी दुसऱ्यांना देतो.