व्हिएतनामच्या होई आनमधले तीन महिने: घर झकास, पण भिंती ओल्या

डिपॉझिटमधून बारा लाख कापल्याचा मेसेज आला, त्याच रात्री मी या घराला एक स्टार देऊन टाकला होता. बारा लाख डोंग (तिथलं चलन), म्हणजे आपले चार हजार रुपये. पण 'लाख' वाचलं की काळजात धस्स होतंच. आता साडेतीनवर आलोय. का ते सांगतो.

कंदील, पिवळी घरं, जपानी पूल हे सगळं तुम्ही रील्समध्ये पाहिलंय, त्यात शिरत नाही. (पूल दुरुस्त होऊन ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा उघडला. आम्ही ऑक्टोबरात पोचलो, तेव्हा चकाचक होता.) आम्ही चौघं: मी, बायको, आई आणि चार वर्षांची मुलगी. जुनी नोकरी सोडली होती, नवी जानेवारीत सुरू होणार होती. माणशी २५ डॉलरचा नव्वद दिवसांचा ई-व्हिसा काढला. आन बांगच्या किनाऱ्यापासून चालत सात मिनिटांवर दोन बेडरूमचं घर मिळालं, भाडं महिना एक कोटी वीस लाख डोंग. चाळीस हजार रुपये झाले. आयुष्यात पहिल्यांदा कोटीत व्यवहार केला.

चूक माझी होती, कबूल. आपल्याकडे दसऱ्यानंतर पाऊस संपतो म्हणून मी ऑक्टोबर निवडला. मध्य व्हिएतनाममध्ये तेव्हाच तो खरा सुरू होतो. नोव्हेंबरात समुद्र गढूळ, लाटा अंगावर येणाऱ्या, पोहायचं नावच नको. शेजारच्या क्वा दाइला तर किनारा खचत चाललाय, तिथे वाळूच्या पोत्यांची रांगच आहे. जुन्या गावात नदीकाठच्या दुकानदारांना माल माळ्यावर चढवायची इतकी सवय, की पाणी चढायला लागलं तरी कोणी आरडाओरडा करत नाही. कमरेइतक्या पाण्यातून होडीने गिऱ्हाइकं आणतात म्हणे. आम्ही पाहिलं तेव्हा पाणी घोट्याएवढंच होतं.

पण मला बोलायचंय ते ओलीबद्दल.

मी दापोलीचा. पावसाळ्यात पापड मऊ पडणं, कपड्यांना वास येणं हे मला नवीन नाही. पण इथे तिसऱ्या आठवड्यात माझ्या पट्ट्यावर पांढरी बुरशी आली, मग पाकिटावर, आणि एका सकाळी आईच्या तुळशीच्या माळेवर. आई दिवसभर बोलली नाही. माळ एसीखाली टांगली. एसी म्हटलं की वीज आली, आणि वीज मालकीणबाईंच्या दराने: युनिटला चार हजार डोंग, म्हणजे साधारण तेरा रुपये. मी रोज सकाळी मीटरचा फोटो काढायला लागलो. बायको म्हणाली, समुद्राचे फोटो कमी आणि मीटरचे जास्त झालेत. खरंच होतं.

शेवटी पंधरा लाखांना (पाच हजार रुपये) सेकंडहँड डीह्युमिडिफायर घेतला. हवेतलं पाणी ओढून टाकीत जमा करणारं हे यंत्र. इथे माझं मत बदललं. पहिल्याच दिवशी त्याने चार लिटर पाणी काढलं. चार लिटर, बंद खोलीतून! दिवसाला तीन युनिट, म्हणजे बारा हजार डोंग, चाळीस रुपये. एसीच्या मानाने काहीच नाही. मग मीटर सुटला आणि टाकी सुरू झाली. ती आईने घेतलेल्या बादलीत ओतायची, मोजायची, जेवताना सगळ्यांना आकडा सांगायचा. 'आज साडेचार.' मुलगी टाळ्या वाजवायची. तुळशीची माळ कोरडी झाली, आई पुन्हा बोलायला लागली.

आईचं जेवण ही मोठी धास्ती होती. पहिल्या दिवशी 'चाय' अशी पाटी दिसली, ती खूश. तो शाकाहाराचा शब्द निघाला. चहाला तिथे 'त्रा' म्हणतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे पुष्कळ घरी शाकाहार असतो, त्या दिवशी तर अशी दुकानं ओसंडतात. आईने लगेच ठरवलं, 'पौर्णिमा पाळतात, म्हणजे माणसं चांगली.' एरवी मात्र विचारून घ्या. भाजीतही माशाचा सॉस सहज पडतो.

‘मी-सोन’ या ठिकाणी एक दिवस जायलाच हवं. मध्य व्हिएतनामवर पूर्वी राज्य करणाऱ्या चाम राजांची शिवमंदिरं आहेत, चौथ्या शतकापासूनची. २०२० मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या पथकाला तिथे काम करताना अखंड दगडातलं शिवलिंग सापडलं होतं. आईने गाइडला थांबवून हात जोडले.

आता डिपॉझिट. बेडरूमची एक भिंत काळी पडली होती, रंगाचे बारा लाख कापले. मी भाषांतराच्या ॲपवर भांडलो: भिंत आधीपासून ओली होती, हे बघा पहिल्या दिवसाचे फोटो. बाईंचं म्हणणं, तुम्ही खिडक्या बंद ठेवल्या. मी म्हटलं, पाऊस आत येत होता. ॲपने त्याचं काय केलं देव जाणे, बाई खळखळून हसल्या. मग स्वतः येऊन भिंत पाहिली, डीह्युमिडिफायर पाहिला, टाकीतलं पाणी पाहिलं, आणि म्हणाल्या, हे यंत्र मला द्या, बारा लाख परत.

दिलं. तीन लाखांचा तोटा, पण ओझं गेलं. निघताना पैसे मोजले तर पन्नास हजार डोंग कमी. बादलीला तडा गेलाय, त्याचे. बादली आईची होती.