कोठडी की दवाखाना?

वडगावात आमच्या गल्लीतल्या एका यंत्रमागवाल्याच्या पोराकडे गांजाची पुडी सापडली. त्याची आई भाकरी-झुणक्याचा डबा पदराखाली धरून कोर्टाच्या पायरीवर बसलेली मी पाहिली. वकिलाच्या फीपायी माग गहाण पडला. पोराचं व्यसन होतं तिथंच राहिलं.

१९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम २७ गांजा ओढणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद सांगतं, हेरॉइन-कोकेनला वर्षापर्यंत. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. अल्प प्रमाणासह सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल, तर खटला टळतो. उपचार अर्धवट सोडले की ही सवलत जाऊ शकते, म्हणजे धाकही राहतोच. हे कलम आमच्या गल्लीत एकालाही ठाऊक नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पोर्तुगालनं २००१ मध्ये अंमली पदार्थांचा स्वतःपुरता साठा बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. विकणारा तिथंही गुन्हेगारच.

कधीतरी झुरका ओढणारा प्रत्येक जण रुग्ण नसतो, हेही खरं. त्याला समुपदेशन पुरतं. कोठडीतून बाहेर आलेल्या पोराला मात्र ना काम मिळतं, ना सोयरीक. माझा कौल दवाखान्याला. नशामुक्तीचा टोल-फ्री नंबर १४४४६ आहे, घरात लिहून ठेवा.