एन-रोड्स: तापमानवाढीचं गणित करून बघायचं फुकट टूल

हवामान बदल माणसाला कळलाय का आणि आवरता येईल का, यावर वाद घालण्याआधी एकदा एन-रोड्स उघडून बघा. क्लायमेट इंटरॅक्टिव्ह, एमआयटी स्लोन आणि व्हेंटाना सिस्टम्सने बनवलेला हा सिम्युलेटर २०१९च्या शेवटी आला, ब्राउझरमध्येच चालतो, पैसे नाहीत की लॉगिन नाही. वर दोन ग्राफ, खाली कोळसा, तेल, गॅस, कार्बनवरचा कर, मिथेन, जंगलतोड, लोकसंख्या असे स्लायडर आणि बाजूला २१०० सालापर्यंतची जगाची तापमानवाढ, औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत. काहीच नाही हलवलं तर आकडा तीन अंशांच्या वर दिसतो, आणि देशांच्या २०१५च्या पॅरिस हवामान करारात ठरलंय दोनच्या बरंच खाली, जमलं तर दीड.

ज्याला ज्याला दाखवलं त्याने पहिला हात झाडांना घातला. साहजिकच आहे, २०१९ला आपल्या राज्याने ३३ कोटी झाडांचं टार्गेट घेतलं होतं, शाळेपासून आपण तेच ऐकतोय. आणि आकडा जेमतेम हलतो! झाड वाढून कार्बन शोषायला कितीतरी वर्षं जातात आणि जगभर एवढी जमीन आणायची कुठून. झाडं लावायचीच, सावली, माती, पाणी सगळ्यासाठी लावायची, पण त्याच्या भरवशावर कोळसा जाळत राहता येणार नाही हे इथे दोन मिनिटांत दिसतं. लोकसंख्येचंही तेच, तो स्लायडर खाली आणला तरी फरक थोडाच.

नुसता कोळशावर कर लावला तर मागणी थोडी गॅसकडे सरकते, नुसती अणुऊर्जेला सबसिडी दिली तर ती कोळशाबरोबर सौर-पवनऊर्जेचीही जागा खाते. कार्बनवर चांगला कर, ऊर्जेची बचत, मिथेनला आळा हे एकत्र केलं की आकडा खरा उतरायला लागतो. मला सगळ्यात जास्त पटलं ते उत्सर्जन आणि हवेतला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) हे दोन ग्राफ शेजारी लावल्यावर, उत्सर्जन वाढायचं थांबलं तरी सीओटू चढतच राहतो, कारण नळ मोठा केला नाही म्हणून टाकी भरायची थांबत नाही ना.

मॉडेलवर विश्वास का ठेवायचा? कारण गृहीतकं उघडी आहेत, बदलून बघता येतात. सीओटू दुप्पट झाला तर किती तापेल हे स्वीडिश शास्त्रज्ञ आर्हेनियसने १८९६ साली मांडलं, आज आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-शास्त्रज्ञ मंडळाचा) अंदाज साधारण ३ अंश, बहुतेक २.५ ते ४च्या मध्ये, आणि ती संवेदनशीलतासुद्धा इथे वरखाली करता येते. म्हणजे कळलंय, भरपूर कळलंय.

आवरण्याचं मात्र अवघड आहे. स्लायडर सेकंदात सरकतो, वीजकेंद्र एकदा उभं राहिलं की पुढची कित्येक दशकं चालतं, आणि चंद्रपूरच्या खाणीवर पोट असलेल्या घरांचं काय ते या ग्राफमध्ये येत नाही, हे मला खरंच खटकतं. मराठवाड्यात पाऊस कसा पडेल हेही हे सांगत नाही, सगळा हिशोब जगाचा एकत्र आहे.

म्हणून पाचपैकी चार स्टार. कॉलेजच्या शिक्षकांनी जरूर वापरा, शक्यतो मोठ्या स्क्रीनवर, आणि मुलांना आधी अंदाज लिहायला लावा मग स्लायडर हलवा. भारताचा वेगळा हिशोब बघायचा असेल तर त्यांचंच सी-रोड्स आहे, तेही फुकट.